खाणीच्या रानातला पहारा

मानसिंग वाकला आणि त्यानं रामहरीच्या पायांना हात लावला. दोन्ही हातांनी, सावकाश, जसा लावायचा असतो तसा. रामहरीच्या गळ्यात वीणा होती आणि डोळे मिटलेले होते, त्यामुळे आधी फक्त स्पर्श कळला. गार, घामेजलेला. डोळे उघडले तर खाली पांढरी टोपी, टोपीखाली मानेची जाड वळी, आणि ती वळी ओळखीची. दुपारचा पहारा खरं तर गोकुळचा. पण गोकुळ डाळिंबं घेऊन मार्केट यार्डात गेला होता, तिथं लिलाव लांबला, आणि सप्ताहासाठी पुण्याहून, लेकाकडून आलेला मानसिंग म्हणाला की तो येईस्तोवर मी धरतो. हे सगळं रामहरीला मागाहून कळलं. त्या क्षणी कळलं ते इतकंच की आता आपल्यालाही वाकावं लागणार. सप्ताहाचे सात दिवस वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि जाताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. त्यात लहानथोर नाही, भाऊबंदकी नाही, जात नाही. बुवा कीर्तनात सांगायचे, अरे ते पाय माणसाचे नव्हंतच, ते विणेचे पाय. हे वाक्य ऐकताना रामहरीचे डोळे दर वेळी भरून यायचे. आज त्यानं पट्टा मानेवरून काढला, मानसिंगच्या गळ्यात घातला आणि वाकला. त्या पायावर सूज होती. बोट टेकलं तिथं खळी पडली आणि भरून यायला वेळ लागला. साखरेचा पाय. रामहरीनं हात कपाळाला लावल्यासारखं केलं, लावला नाही.

मंडपाबाहेरच्या नळावर त्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले. मागे वीणेची तार वाजली आणि मानसिंगचा खर्जातला आवाज आला, विठ्ठल, विठ्ठल. आवाज तोच. भोंग्यातून आलेला आणि गळ्यातून आलेला आवाज वेगळा वाटायला हवा होता, पण तोच.

मंडप विठ्ठलाच्या लहानशा देवळापुढं, आणि देवळाच्या पाठीला लागून खाणीचं रान. नगरपालिकेनं फाटकावर कमान उभी करून वनोद्यान असं लिहिलेलं आहे, आत फरशीचा रस्ता केला आहे, बाकं टाकली आहेत, पण बारामतीत कुणी वनोद्यान म्हणत नाही. कालवा खणला तेव्हा भरावाला माती कमी पडली, ती इथून उचलली, आणि मोठा खड्डा राहिला, असं रामहरीचे आजोबा सांगायचे. खड्ड्यात पाणी साचलं. पाण्याला गुरं आली, गुरांच्या शेणातून बाभळीचं बी आलं. पाखरांनी पिंपळ आणला, उंबर आणला. कालव्यावरच्या कुठल्या तरी चौकीदारानं काठाला अर्जुनाची रोपं लावली, ती दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत एवढी झाली. कुणी मुद्दाम केलेलं रान नव्हे ते. माणसं काहीतरी उचलून घेऊन गेली, त्या जागी ते आपोआप भरलं. जखमेवर खपली धरते तसं. भोवती शहर चढत गेलं, दवाखाने आले, कॉलेजं आली, क्लासच्या पाट्या आल्या, आणि मधोमध हा हिरवा खड्डा राहिला. त्यात मुंगसं होती, घोरपडी होत्या, पिंगळ्याची जोडी होती, तळ्याला रातबगळे होते. आणि अर्जुनांवर वाघळं. दिवसभर ती उलटी लटकायची, काळ्या वाळत घातलेल्या चिंध्यांसारखी, पंखांनी वारा घेत, एकमेकांशी कचाकचा भांडत. दिवे लागायच्या वेळेला सगळी एकदम सुटायची आणि कालव्याच्या अंगानं, पिंपळीच्या बागांकडं जायची. आकाशातून एक नदी वाहत जावी तशी.

ही नदी फुलाबाईची. रामहरीची बायको. रामहरी बारामती डेपोत मेकॅनिक होता, ग्रीसच्या वासानं त्याचं नाक मेलेलं. त्याला पाखरं, झाडं काही दिसायचं नाही. फुलाबाई भिगवणची. तिचं मूळ गाव ती परकरात असताना उजनीच्या पाण्याखाली गेलं, आणि तिच्या आठवणीत गाव म्हणजे पाण्यातून वर आलेले चिंचांचे वाळके शेंडे, त्यावर बसलेले करकोचे. लग्न होऊन ती फाटकासमोरच्या या दोन खोल्यांत आली तेव्हा पहिल्या संध्याकाळी ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, ह्या झाडांखाली पाणी न्हाय, व्हय ना? कुणी पाणी सोडणार न्हाय ना ह्यात? तो हसला होता. हसलो नसतो तर, असं त्याला पुढं बरेचदा वाटलं. मग शेवटच्या वर्षी, फुप्फुसाचा आजार बळावला तेव्हा, तिची कॉट त्यानं खिडकीशी लावली आणि तिचा दिवस वाघळांच्या उडण्यावर येऊन टेकू लागला. वाघळं उडाली की ती म्हणायची, गेली बाई कामाला, आणि मग दोन घास खायची.

ते टाळेबंदीचं साल. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की रोग वाघळांनी आणला. मानसिंग तेव्हा उद्यान समितीचा अध्यक्ष, देवळाच्या पंचांतही तोच; पिंपळीला त्याचा ऊस, बारामतीत बंगला, माणसं त्याला तात्या म्हणायची आणि त्यानं बोललेलं व्हायचं. त्यानं फटाके आणवले. चैत्रातली दुपार होती, आजच्यासारखीच पांढरी. पोरं माळा पेटवून अर्जुनाखाली टाकत होती आणि वर काळं आभाळ फाटल्यासारखं फिरत होतं. दिवसाच्या उजेडात वाघूळ उडताना रामहरीनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, तांबूस मान, कुत्र्याच्या पिलासारखं तोंड. चैत्रात त्यांना पिलं असतात, आयांच्या पोटाला चिकटलेली. ती गळून पडली. मग कुऱ्हाडवाले आले आणि फांद्या उतरवल्या. फुलाबाई कॉटवरून कधी उठली ते त्याला कळलं नाही. तो दिसेल त्याला हात जोडत फाटकात उभा होता, आणि ती त्याच्या मागून, भिंतीला धरत, धापा टाकत आत गेली आणि पाटीत पिलं भरून आणली. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून तिनं त्यांना कापसानं दूध पाजलं. एकही जगलं नाही. शेवटचं पिलू तिच्या बोटाला अंगठ्यानं धरून होतं, मेल्यावरही. तो अंगठा सोडवताना तिनं रामहरीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचा भोंगा वाजला. काकड्याची वेळ नव्हती. रामहरी अंगणात दात घासत होता. सगळ्यांनी ऐका, मानसिंगचा आवाज म्हणाला, रामहरीच्या घरात वाघळं नेलीत. त्याची बायको खोकतीय. त्या घराकडं कुणी जाऊ नये, त्या घरचं कुणी घेऊ नये. मग एकदा पुन्हा, नाव घेऊन. ज्या भोंग्यातून हरिनाम यायचं त्याच भोंग्यातून. फुलाबाई खिडकीशी होती. तिनं पदर तोंडावर घेतला, खोकला बाहेर जाऊ नये म्हणून.

रामहरी आता खाणीच्या रानात आत आत चालत होता. पाचोळा चुरचुरत होता. सातभाई पुढं पुढं उड्या मारत त्याच्यावर ओरडत होते. तुटलेल्या अर्जुनाला बाजूनं फुटवे आले होते, बारीक, अनोळखी. वाघळं परत आली नव्हती. खोडावर एक घोरपड निपचित होती, फक्त गळ्याखालची कातडी हलत होती. ती तशीच किती वेळ राहील? हलायचं नाही, बोलायचं नाही, पोटाला भूक लागली तरी, ऊन फिरलं तरी. रामहरी तिच्याकडं बघत राहिला आणि आपल्याला काय सुचतंय हे सुचून झाल्यावर त्याला कळलं. विणेकरी बसत नाही. विणेकरी नामाखेरीज शब्द बोलत नाही. वीणा खाली ठेवत नाही. दुसरा कुणी येईपर्यंत. आणि या सप्ताहात पहाऱ्याला कुणाला कधी पाठवायचं हे रामहरीच बघत होता.

त्याला एकदम फार हलकं वाटलं. कीर्तन रंगात येतं, बुवा टाळी वाजवून मागं सरकतात आणि टाळकरी झेलतात, तेव्हा जसं पोटातून काहीतरी उचलतं तसं. हे वाटणं आणि ते वाटणं एकच कसं, असा प्रश्न त्याच्या मनाला शिवला. त्यानं तो बाजूला सारला. देव सगळं बघतो म्हणतात. मग बघू दे.

गोकुळचा टेम्पो फाटकाशी लागला तेव्हा रामहरी तिथं उभाच होता. गोकुळ उडी मारून उतरला, शर्टाला फळांच्या पेट्यांची धूळ, आणि उशीर झाला म्हणून कान पकडत निघाला. रामहरीनं त्याच्या दंडाला धरलं.

"ऱ्हाऊ दे. तात्यानं संकल्प सोडलाय. सांजच्या आरतीपातूर एकटंच उभं राहायचं म्हणतोय."

"ह्या वयात? पायाचं काय ते?"

"म्हणून तर. पायासाठीच नवस बोललाय म्हणं. आपण मधी पडू नगं, पुण्य मोडतं."

गोकुळनं मंडपाकडं पाहून हात जोडले, म्हणाला, मोठा माणूस, आणि जेवायला घरी गेला. रामहरीच्या तोंडून खोटं इतकं सहज, इतकं गोल निघालं होतं की त्याला त्याची चव आली. गुळचट. यानंतर पहाऱ्यासाठी आलेल्या आणखी दोघांना त्यानं तेच सांगितलं, आणि दर वेळी त्यात काहीतरी भर पडली. तात्यानं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. तात्याच्या स्वप्नात देव आला. आपण रचतोय की कुणी आपल्याकडून रचून घेतंय, हे कळेना.

मग तो उंबराखालच्या बाकावर जाऊन बसला. तिथून मंडप सगळा दिसायचा. मानसिंग खांबाजवळ होता, खांबाला टेकत नव्हता. टेकला असता तर रामहरीला बरं वाटलं असतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता आणि दर थोड्या वेळानं फाटकाकडं बघत होता. ते बघणं रामहरी घोट मोजावेत तसा प्यायला. बघ. असंच आम्हीही रस्त्याकडं बघत होतो. फुलाबाई गेली तेव्हा तिरडीला चार खांदे मिळेनात. रामहरीचा पोरगा दीपक, रामहरी स्वतः, आणि नगरपालिकेची दोन माणसं अंगभर प्लास्टिक घालून. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तिला तो रोग नव्हताच. कागदावर तसं होतं, पण भोंगा कागदापेक्षा मोठा. जिनं दर सप्ताहाला सगळ्या टाळकऱ्यांना पिठलं-भाकरी घातली, जी कीर्तनात रडून रडून हलकी व्हायची, ती टाळाशिवाय गेली. एक टाळ नाही, एक अभंग नाही. दीपकनं वाटेत पखवाज वाजवू का विचारलं होतं, आणि रामहरी म्हणाला होता, नको, लोक दारं लावतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं लागलेलीच होती. त्या शांततेत फक्त प्लास्टिकची सळसळ. ती सळसळ त्याला अजून कधी कधी ऊस हलताना ऐकू येते, आणि तो रस्ता बदलतो.

ऊन सरकून मंडपात शिरलं आणि मानसिंगच्या अंगावर आलं. त्याचा डावा गुडघा थरथरू लागला. आवाज बारीक झाला, विठ्ठलमधला ल गळू लागला. आता पडेल, असं रामहरीला वाटलं, आणि तो पुढं झुकला, सिनेमा बघताना माणूस झुकतो तसा. पडला तर वीणा भुईला लागेल. सप्ताह भंगेल. सगळ्या गावाच्या देखत, मानसिंगच्या हातून. नाव घेऊन सांगतील भोंग्यावरून. डोक्यात ते भोंग्याचं वाक्य तयारही होऊ लागलं, शब्द लागत होते, ओळ जमत होती, आणि उंबरावरून एक पिकलेलं फळ त्याच्या मांडीवर पडलं. त्यातून चिलटं निघाली. त्यानं ते झटकलं.

तोवर बायका यायला लागल्या. पुण्यवान माणसाची बातमी दुपारच्या झोपा मोडून गल्लोगल्ली गेली होती. तानूबाई, देवळाची झाडलोट करणारी, तांब्या घेऊन आली आणि काही न विचारता मानसिंगच्या पायांवर पाणी घालू लागली. दुसरीनं हार घातला. कुणी लेकराला त्याच्या पायावर घातलं. मानसिंग घाबरून मान हलवत होता, आणि जितकी मान हलवत होता तितक्या त्या म्हणत होत्या, बघा, मोठेपणा घेत न्हाई. बोलता तर त्याला येत नव्हतं. त्याचं धोतर मांड्यांपासून ओलं झालेलं रामहरीला बाकावरून दिसलं; ते पाण्यानं नव्हतं, वरून खाली ओघळलेलं होतं, साखरेच्या माणसाला धरवत नाही. हे सगळ्यांनी बघावं म्हणून तो उठून उभा राहिला, आणि तानूबाईनं तेवढ्यात दुसरा तांब्या कमरेपासून खाली ओतला. सगळं धुऊन गेलं. बायकांनी ते पाणी डोळ्यांना लावलं.

रामहरीच्या कानात काहीतरी गूं करू लागलं. देवालासुद्धा कुणीतरी थांब म्हणालं होतं, बुवा सांगायचे. भक्तानं थांब म्हटलं आणि देव विटेवर उभा राहिला, अजून उभा आहे, कारण कुणी येऊन बस म्हटलंच नाही. कुणालाही उभं करू नका रे, तो देव होईल, असं म्हणून बुवा हसायचे आणि माणसं हसायची. आपण शिक्षा म्हणून ज्याला उभं केलं त्याच्या गळ्यात हार आहे. आपण एक दुपार खर्चून त्याला संत करून दिलं. फुलाबाईची दुपार. ही दुपार तिची होती आणि ती मी त्याला दिली.

तो मंडपाकडं निघाला. दया आली म्हणून नव्हे. पुढं कधी स्वतःला फसवायची वेळ आली तर आठवावं म्हणून त्यानं चालता चालता ते मनाशी पक्कं केलं, दया नाही. त्याला मानसिंगच्या कानाशी जायचं होतं. वीणा घेण्याआधी वाकायचं असतं, वाकण्याआधी जवळ जायचं असतं, आणि तेवढ्या जवळिकीत एक वाक्य मावतं. फुलाबाईपायी उभं केलं तुला. बस. मग घरी जा, हार घालून झोप, आणि रोज झोपताना ते वाक्य घेऊन झोप. जीभ टाळूला लावून त्यानं ते वाक्य धरलं. बायकांनी वाट दिली. जवळून मानसिंगचा चेहरा राखेसारखा होता, ओठांना पांढरं आलं होतं, आणि रामहरीला बघून त्या चेहऱ्यावर इतकी उघडी, लहान मुलासारखी सुटका आली की रामहरी एक पाऊल अडखळला. तेवढंच. तेवढ्यात मानसिंगनं पट्टा डोक्यावरून काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. रीत सोडून, घाईनं, नमस्काराआधीच. वीणा रामहरीच्या छातीवर येऊन थडकली. तुंबा अंगाला लागला, मानसिंगच्या घामानं ओला. आणि तोंडातलं वाक्य तोंडात राहिलं.

तो वाकला, कारण वाकायचं असतं. धुतलेले पाय. या वेळी हात कपाळाला लागला की नाही ते त्याला कळलं नाही.

मानसिंगला दोघींनी धरून पायरीवर बसवलं. पाणी पाजलं. मग त्यानं बायकांना बाजूला व्हायला सांगितलं, आरतीचं बघा म्हणाला, आणि त्या लांब गेल्यावर मान वर करून रामहरीकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"गोकुळ मघाशीच आलाता. मी फाटकात बघितला. तूच लावून दिलास न्हवं?"

रामहरीनं तार छेडली. विठ्ठल.

"कशापायी? म्हटलं तर मी काय वंगाळ केलं तुझं?" मानसिंग खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, बोट हनुवटीला लावून, मागं मागं जात होता, आणि रामहरी त्याच्या चेहऱ्यावर त्याचा तो प्रवास बघत होता. जा. अजून मागं जा. त्या सालापर्यंत जा. तिथं एक खिडकी आहे. मानसिंगचा चेहरा एकदम सैल झाला. सापडलं होतं.

"हां. दीपकचं व्हय? मागल्या सप्ताहाला पखवाजावरनं उठवला त्याला. ते माझं चुकलंच, रामहरी. पाव्हण्यांच्या पोराला बसवायचं होतं म्हणून उठवला. माझ्या ध्यानातसुदिक ऱ्हायलं नव्हतं बघ."

रामहरीच्याही ध्यानात नव्हतं. दीपकला कधी उठवलं होतं? त्यानं घरी सांगितलंही नव्हतं. विठ्ठल, तो म्हणाला. नाही म्हणायला त्याला मान हलवता आली असती. त्यानं हलवली. डावीकडून उजवीकडं, जोरानं. मानसिंगनं ते पाहिलं आणि त्याचे डोळे भरले.

"न्हाय कसं? मोठं मन हाय तुझं म्हणून न्हाय म्हणतोस. उद्याच्या काल्याला दीपकच बसंल पखवाजावर. मी सांगतो पंचांना. झालं? मिटलं?"

आणि मग त्याला राहून गेलेला नमस्कार आठवला. तानूबाई धावत आली, नका तात्या, वाकू नका म्हणाली, पण तो पायरीवरून उतरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, तोंडातून कण्हल्याचा आवाज आला, आणि त्यानं रामहरीच्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकलं. बराच वेळ. कपाळ गरम होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इतकी वर्षं रामहरीनं हेच मागितलं होतं, याच शब्दांत, याच देवापुढं. हा माणूस माझ्या पायांशी येऊ दे. आला होता. एका पखवाजासाठी आला होता. फुलाबाईचं नाव त्या कपाळात कुठंही नव्हतं, कधीच गेलं नव्हतं, आणि ते तिथं घालायचं तर आता एकच करायचं होतं, तोंड उघडायचं, दोन शब्द बोलायचे. वीणा गळ्यात असताना. मोडू दे पहारा. मोडू दे सप्ताह. त्यानं श्वास घेतला. खाली मानसिंगचे खांदे हलत होते, आजूबाजूला सगळे हात जोडलेले होते, आणि यांतल्या एकानंही तिला खांदा दिला नव्हता. पण हे सगळे तिच्या हातचं जेवले होते, आणि सप्ताह तिचा होता, मानसिंगचा नव्हता. घेतलेला श्वास त्यानं नामातच सोडला.

मानसिंगला उठवून रिक्षात बसवलं. जाताना त्यानं लांबून पुन्हा एकदा हात जोडले. त्याला कसं शांत वाटत होतं ते इथूनही दिसत होतं.

रामहरीनं तार छेडली. विठ्ठल म्हणाला. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, लगेच पुन्हा. आरतीला जमलेली माणसं त्याच्या आवाजानं वळून बघू लागली, कुणीतरी टाळ उचलले, ठेका धरला. तो श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. मधे फट पडली असती तर तिच्यातून दुसरंच काही बाहेर आलं असतं.